ताली ओवणारी

तिरुमणलूर,
चित्तिरै १२, १९५६

चि. सभापतीस कनकाक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझं पुस्तकाचं पुडकं परवा पोचलं. पोस्टमननं ते ओट्यावर टाकलं तेव्हा मला वाटलं, लग्नपत्रिका आल्या. आपल्या वडिवूचं लग्न ठरल्याचं मला गेल्या आठवड्यातच कळलं आहे. देवळातला नादस्वरवाला मद्रासला वाजवायला गेला होता, तो तिथल्या वाजंत्र्यांच्या तोंडून ऐकून आला. सख्ख्या भावाच्या घरची बातमी मला वाजंत्र्यांकडून कळावी, हे बरं दिसतं का, तूच सांग.

बारा वर्षं वाढवलं मी तिला. तुझी बायको बाळंतपणात गेली आणि दहा दिवसांचं ते गाठोडं तू माझ्या मांडीवर ठेवून मद्रासची गाडी पकडलीस. पुढे कायदा झाला, त्या वर्षी येऊन तिला घेऊन गेलास. मी अडवलं नाही. पोरींची देवाशी लग्नं लावायची चाल बंद झाली ते चांगलंच झालं. मी नऊ वर्षांची असताना माझ्या गळ्यात देवाच्या नावानं पदक बांधलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. वडिवूच्या गळ्यात माणसाच्या हातून लग्नाची ताली पडावी असं तुझ्याइतकंच मलाही वाटत होतं. मग ती पडताना मी तिथं नको का?

पुस्तक वाचलं. आठवीच्या मुलांना भारतीय संस्कृतीची तोंडओळख, आणि वर नाव सभापति मुदलियार. मुदलियार कधी झालास ते कळवलं नाहीस. मी आपली पाकिटावर नुसतं सभापति लिहीत राहिले. अक्षर ठसठशीत आहे, चित्रंही बरी आहेत. पान एक्केचाळीसवर खांबावरची नाचणारी बाई आहे आणि खाली तू लिहिलं आहेस की ही प्राचीन कला देवळांमधून शतकानुशतके जपली गेली. कुणी जपली रे? वटवाघळांनी? सोळाव्या वर्षापर्यंत तू स्वतः माझ्या मागं टाळ धरून उभा असायचास. ताल चुकला की आई तुझ्या पोटरीवर काठी हाणायची. त्या पोटरीवरचा वळ तरी अजून आहे की तोही पुस्तकाच्या समितीनं गाळला?

असो. तोंडाळ आहे मी, हे तुला नवं नाही. मला मानपान नको, लुगडं नको. मांडवात एका खांबाशी बसेन आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत येईन. तारीख तेवढी कळव, म्हणजे मुरुक्कू तळायला घेते. वडिवूला माझ्याच हातचे लागतात.

माया आटली नसेल तर दोन ओळी टाक.

तुझी
कनकाक्का

•

मद्रास,
२ मे १९५६

ती. कनकाक्काच्या चरणी सभापतीचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र मिळालं. मीच लिहिणार होतो, पण कामाच्या गडबडीत राहून गेलं. वडिवूचं लग्न ठरलं आहे हे खरं. मुलगा वीजखात्यात इंजिनियर आहे, निर्व्यसनी आहे. घराणं मूळचं मायावरमचं. घरात मुलाची आजी आहे, तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. माणसं चांगली आहेत, पण घराण्याची चौकशी फार करतात. मी तंजावरचा, आईवडील लवकर वारले, एवढंच त्यांना ठाऊक आहे.

मुलगी पाहायला आले तेव्हा तिला कुणी वाढवलं असा प्रश्न निघाला. आत्यानं वाढवलं आणि ती आता हयात नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. आत्याचे यजमान कुठं असतात असंही विचारलं गेलं. तेव्हा रंगूनला असतात असं सांगावं लागलं.

अक्का, तू शहाणी आहेस. तुला जास्त समजावून सांगायला नको. तू मांडवात कुठंही बसलीस तरी लोक बघतीलच. तू बसतेस कशी, मान वळवतेस कशी, हे ज्यांना कळायचं त्यांना कळतं. पोरीचं भलं तुझ्या न येण्यात आहे. लग्नानंतर एकदा मी स्वतः येऊन तुला सगळं सांगेन, फोटोही आणीन.

पुस्तकाबद्दल तू लिहिलंस ते लागलं. आपल्यासारख्या घरांवर मी एक परिच्छेद लिहिला होता. मुलांच्या हाती द्यायच्या पुस्तकात तो विषय नको, असं समितीचं मत पडलं. मी वाद घातला नाही. नावापुढच्या मुदलियारचंही तसंच. या शहरात जात न लावलेल्या नुसत्या नावावर भाड्यानं घर मिळत नाही.

रागावू नकोस. प्रकृतीला जप. पूर्वीइतकाच जीव असू दे.

तुझा
सभापति

•

तिरुमणलूर,
चित्तिरै २६

चि. सभापतीस,

मेलेल्या बाईचे आशीर्वाद चालत असतील तर घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून हसू आलं, दुसऱ्यांदा वाचून चूल विझवली आणि जेवले नाही. मला मारलंस ते मारलंस, पण माझ्या नवऱ्यालाही सोडलं नाहीस. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, तो या गावात गाभाऱ्यात उभा आहे, जागचा तसूभर हललेला नाही, आणि तू त्याला रंगूनला नोकरी लावून दिलीस! निदान हुद्दा तरी चांगला दे. देव आहे तो, कारकून म्हणून नको.

आणि काय रे, "सांगण्यात आलं" म्हणजे काय? कला जपली गेली, आत्या मेली असं सांगण्यात आलं. तुझ्या लिहिण्यात कुणी काही करतच नाही, सगळं आपोआप होतं. एवढं शिकलास, "मी सांगितलं" असं लिहायला तुझा हात का अडखळतो? बहीण मेली म्हणताना जीभ अडखळली नाही ती.

आता पुढचं ऐक. काल दुपारी मायावरमहून एक कारभारी आला. दारात उभा राहून त्यानं विचारलं, तालीत मणी ओवणाऱ्या बाईंचं घर हेच का. नऊ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याच्या मालकीणबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. नातवाचं लग्न आहे. त्यांची स्वतःची ताली तुझ्यामाझ्या आजीनं ओवली होती आणि त्यांच्या मुलींच्या ताली आपल्या आईनं. म्हणून नातसुनेची तालीही याच घरच्या हातून ओवून हवी आहे, असा त्यांचा हट्ट. घरच्यांनी समजावलं की आता ते दिवस गेले, पण म्हातारी ऐकेना. जिचा नवरा देव, ती रांडाव होत नाही. तिनं ओवलेली आणि तिच्या गळ्यातले दोन काळे मणी घातलेली ताली घराण्याला लाभते, असं तिचं म्हणणं. तू हे विसरला नसशील. मोठमोठ्या घरच्या बायकांच्या गळ्यात आपले मणी असायचे आणि त्याच घरच्या पंगतीला आपल्याला पान नसायचं.

मी मुलाचं नाव विचारलं. कारभारी खुशीत सांगू लागला की मुलगा मद्रासला विजेचा इंजिनियर आहे, मुलीचे वडील शाळांची पुस्तकं लिहितात, फार संस्कारी घर आहे. मी त्याला कॉफी दिली. माझ्या हातून पेला पडला नाही, एवढं माझं कौतुक कर.

मी हो म्हटलं आहे. वैकासी महिन्याच्या बाराव्या दिवशी ते गाडी पाठवणार आहेत.

जिवंत आहे तोवर लोभ ठेव.

कनकाक्का

•

मद्रास,
११ मे १९५६

ती. अक्कास शि. सा. न.

पत्र मिळाल्याबरोबर लिहितो आहे. कृपा करून जाऊ नकोस. आजारी आहे असं कळव, गावाला गेल्याचं कळव, देवळाची सेवा सोडली, आता मणी ओवत नाही असं कळव. वाटेल ते सांग. वडिवूचा चेहरा तुझ्यावर गेला आहे. हसताना डाव्या गालाला पडते ती खळी म्हातारीच्या नजरेतून सुटायची नाही. लग्न मोडलं तर या पोरीला पुन्हा स्थळ येणार नाही. मग ती काय करील? तुझ्या घरी परत येईल? तुला तेच हवं आहे का?

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण पाकीट आता बंद करतो. टपालाची वेळ झाली.

सभापति

•

तिरुमणलूर,
वैकासी १४

चि. सभापतीस अनेक आशीर्वाद.

जाऊन आले. सविस्तर लिहिते. पाणी प्यायचं असेल तर आधी पिऊन घे.

गाडी सकाळीच आली. मायावरमचं घर मोठं आहे, पण कळकट नाही. स्वयंपाकघर मागे अंगणात आणि घरात सगळीकडे विजेचे दिवे, नातवाच्या कृपेनं. मला मागच्या दारानं नेतील असं वाटलं होतं. मुलाच्या आजीनं, पाट्टीनं, पुढच्या दारानं आत घ्यायला लावलं आणि स्वतः हळदीकुंकू दिलं. सुना कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी कोण हे नीट ठाऊक होतं, त्यामुळे त्यांचे पदर जरा आवरलेले होते. पण म्हातारीपुढे कुणाची छाती होईना.

सोन्याचे पत्रे सोनारानं आधीच घडवून आणले होते. मी पाटावर बसले. हळदीत भिजवलेला दोरा घेतला. पाट्टी समोर बसून बोलत होती. वय झालेल्या माणसाला ऐकणारं कुणी मिळालं की थांबवत नाही. तिनं सांगितलं की मुलगी तिनंच पसंत केली. मुलगी कॉफीचं तबक घेऊन आली तेव्हा तिच्या पावलाचा आवाज झाला नाही आणि तबकातल्या पेल्यांत थेंब हलला नाही. पाट्टीनं विचारलं, चालायला कुणी शिकवलं. मुलगी म्हणाली, आत्यानं. मग पाट्टीनं विचारलं आत्या कुठं असते, तर मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाली, वारली. हे सांगताना पाट्टीचेही डोळे भरले. माझ्याच मरणाबद्दल दोन बायका रडल्या आणि मी तिथं बसून दोऱ्याला पीळ देत होते.

सभापति, पोरीच्या तोंडून वदवलंस हे? तू स्वतः म्हणाला असतास तर मी समजून घेतलं असतं. तू भित्रा आहेस, लहानपणापासून. आईच्या काठीला भ्यायचास, मग काठी नसलेल्या माणसांनाही भ्यायला लागलास. पण त्या पोरीला बसवून पाठ करून घेतलंस? तिला किती रडवलं असशील त्या एका शब्दासाठी.

मला तिथं बोलता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. जिभेवर आलंही होतं. पण हातात तिचीच ताली होती. ओवताना बोलायचं नसतं ही आईची शिस्त, तेवढ्यानं मी वाचले, का तू वाचलास, काय माहीत. गळ्यातले दोन काळे मणी काढले आणि मधे सोन्याच्या दोन्ही बाजूंना ओवले. आजवर साठ-सत्तर ताली ओवल्या असतील. पण परवा घाम इतका आला की सुनेनं पंखा आणून लावला.

खळीचं तू लिहिलं होतंस ते खरं ठरलं. निघताना मी हसले तर पाट्टी म्हणाली, हे हसणं मी कुठंतरी पाहिलंय. मी म्हटलं, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचं हसणं सारखंच, आम्हाला ते शिकवूनच मिळतं. तिला पटलं.

आता मुख्य गोष्ट. म्हातारीनं मला लग्नाचं आमंत्रण दिलं आहे. जिनं ओवली ती ताली बांधताना समोर हवी, असा तिचा आग्रह. वऱ्हाडाच्या डब्यात माझी जागा धरली आहे. तेव्हा मी मुलाकडची म्हणून येते. तुला माझ्यासाठी पाट मांडायला नको. कुणी विचारलं तर मी मणी ओवणारी बाई, तुझी कुणी नाही. पुढं बसायला मिळेल, कदाचित तुझ्याच्यानं मिळालं असतं त्याहून पुढं. माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही, देवाची शपथ. वडिवूला मात्र आधी सांगून ठेव, म्हणजे मला बघून ती दचकायची नाही. आत्या मेली म्हणून जी रडली, ती आत्या समोर दिसल्यावर किती हरखेल!

मी काल मुरुक्कूचं पीठ दळून आणलं. नऊ वर्षांनी तिला बघणार आहे. राग आहे तुझ्यावर, पण आज तो वर येत नाही.

लोभ वाढवायला सांगत नाही, आहे तेवढा पुरव.

तुझी
कनकाक्का

•

मद्रास,
१४ जून १९५६

ती. अत्तैस वडिवूचा साष्टांग नमस्कार.

अत्तै, हे पत्र अप्पांना न सांगता लिहिते आहे. आधी चारदा लिहून फाडलं.

अप्पांनी मला पढवलं नव्हतं. त्यांनी ठरवलं होतं की तू काशीला राहतेस असं सांगायचं. मीच म्हणाले, वारली. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पाट्टींनी विचारलं आणि माझ्या तोंडून ते आलं. डोळ्यांत पाणी आलं तेही खरं होतं. अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मान खाली घातली. ते लोक गेल्यावर एवढंच म्हणाले की अक्काला हे माझ्यावर घेऊन कळवीन. तू त्यांना जी पत्रं लिहितेस ती ते मला वाचून दाखवत नाहीत, पण टेबलावर उघडी ठेवतात. ती मी वाचते. तू त्यांना भित्रा म्हटलंस. ते भित्रे आहेतच, पण हे त्यांनी माझ्यासाठी सोसलं.

मी का म्हणाले ते सांगते. इथं आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. शाळेत संमेलनाला बाईंनी विचारलं, नाच कुणाला येतो. मी हात वर केला. तू शिकवलेला पहिलाच नाच करून दाखवला. बाई आधी कौतुकानं बघत होत्या, मग त्यांनी मला मधेच थांबवलं. त्यांनी विचारलं, हे कुठं शिकलीस. मी तुझं आणि गल्लीचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावरची मुलगी उठून पलीकडे बसली. वर्ष संपेपर्यंत त्या बाकावर मी एकटी होते. संमेलनात एका वकिलाची मुलगी नाचली. तिला चांगल्या घरच्या क्लासात शिकवलं होतं. तिचे हात चुकत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्यानंतर अप्पांनी शाळा बदलली, मी नाच विसरले. म्हणजे विसरल्यासारखं केलं. चालणं मात्र विसरता आलं नाही.

अप्पांच्या पुस्तकातल्या त्या बाईचा सगळ्यांना अभिमान वाटतो, कारण ती दगडाची आहे. तू दगडाची असतीस तर मी तुला पहिल्या रांगेत बसवलं असतं. हे लिहून मला माझीच लाज वाटते. पण अत्तै, तू येऊ नकोस. तू शपथ घेतलीस, तू बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. पण मी बोलेन. तू समोर दिसलीस तर मी मांडवातून उठून तुझ्याकडे येईन, आणि मग सगळं संपेल. मला हे लग्न हवं आहे. मुलगा मला आवडला आहे. मला एकदा तरी कुणाच्या शेजारी बाकावर बसायचं आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. पाट्टींनी कळवलं की लग्नाआधी मुलीच्या घरात सौभाग्यानं गेलेल्या बाईला पुजलं पाहिजे, नाहीतर तिचा आत्मा अडून राहतो. आत्या कुंकवानं गेली, तेव्हा तिची पूजा करा. अप्पांना नाही म्हणता येईना. काल केली. पाटावर तुझ्या नावानं नवी साडी ठेवली, मोगरा घातला, नैवेद्याला पायसम आणि वडे ठेवले. अप्पांनी हात जोडले आणि मग परसात जाऊन उभे राहिले. ती साडी घरातल्या मुलीनं किंवा सवाष्णीनं नेसायची असते. मला नेसवेना. तुझीच आहे, म्हणून तुला पाठवते. सोबतच्या पार्सलात आहे. मोरपिशी रंग आहे, काठ मी निवडला.

मला माफ कर असं म्हणत नाही. तू मला चालायला शिकवलंस, त्याच पायांनी मी तुझ्यापासून लांब गेले.

जमलं तर माया ठेव.

तुझी
वडिवु

•

तिरुमणलूर,
आनी महिना, ६

चि. वडिवूस अखंड सौभाग्याचे आशीर्वाद.

पार्सल पोचलं, पत्रही. आज तुझं लग्न. नऊ ते साडेदहाचा मुहूर्त आहे हे पाट्टीच्या कारभाऱ्याकडून कळलं होतं. आता अकरा वाजून गेले, म्हणजे झालं असेल. म्हणून आता लिहायला बसले. आधी लिहिलं असतं तर काहीतरी अपशकुनी निघालं असतं हातून.

मी मायावरमला निरोप धाडला की पाय मुरगळला. पस्तीस वर्षं दगडावर नाचून जो पाय एकदा मुरगळला नाही, तो तुझ्या लग्नाला मुरगळला. पाट्टीनं उलट निरोप पाठवून तेल लावायला सांगितलं आहे. ती चांगली बाई आहे. तिची सेवा मनापासून कर. तिनं कधी माझी आठवण काढली तर रडू नकोस, डोळ्यांतलं पाणी ती मोजते.

तुझं पत्र वाचून मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला, भलताच आला. मुरुक्कूचं पीठ शेजारच्या म्हशीला घातलं. तुझ्या बापावर नऊ वर्षं राग धरला होता, तो सगळा फुकट गेला याचाही राग आला. तो "सांगण्यात आलं" लिहायचा आणि मी त्याला हसायचे. आता कळलं की तो तुझं नाव लपवत होता. त्याला सांग, अक्कानं भित्रा म्हटलेलं मागं घेतलं. मी स्वतः लिहिणार नाही.

पण त्या बाकाचं वाचलं आणि तो राग उतरला. मला वाटत होतं मी तुला बारा वर्षं फक्त चांगलंच दिलं. एक वर्ष तू त्याच्यापायी एकटी बसलीस आणि मला कळवलं नाहीस. तू मला मारलंस ते मी समजू शकते. मला समजलं म्हणून ते दुखायचं थांबत नाही, एवढंच.

तुझ्या तालीत सोन्याच्या दोन्ही बाजूंना जे काळे मणी आहेत ते माझे आहेत. ते काढू नकोस, त्यात कुणाला काही दिसत नाही. कुणी विचारलं तर मायावरमच्या घराण्याची रीत म्हणून सांग. ते खरंच आहे.

साडी सुंदर आहे. काठ चांगला निवडलास. आज सकाळी न्हाऊन ती नेसले आणि मुहूर्ताच्या वेळी देवळात गेले. सेवा बंद झाल्यापासून मी सगळ्यांच्या मागं उभी राहते, तशीच उभी राहिले. परत येताना फुलवालीनं हटकलं. तिनं विचारलं, कनकाम्बुजम्, नवी साडी, कुणाचं लग्न आहे? मी म्हटलं, माझ्या भाचीचं, मद्रासला, आत्ता याच घटकेला. ती म्हणाली, मग तू इथं काय करतेस? मी तिला सांगितलं की लग्नाच्या आधी मी वारले. ती हसत सुटली. मला म्हणाली, तुझी थट्टा कधी जायची नाही. तिनं एक गजरा फुकट दिला.

यापुढं मला पत्र लिहू नकोस. सासरी टपाल आधी पाट्टीच्या हातात जातं. मीही लिहिणार नाही. हे पत्र तुझ्या बापाच्या पत्त्यावर धाडते. वाचून चुलीत घाल, त्याला टेबलावर ठेवू देऊ नकोस.

माया ठेव म्हणून लिहिलंस. ती ठेवायला सांगावी लागत नाही. पूजेचं सगळं मला पोचलं, पायसम तेवढं नाही.

तुझी अत्तै
कै. सौ. कनकाम्बुजम्